मुजावर सरांनी मोकळी ठेवलेली लाईन

श्री. दस्तगीर मुजावर सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे, त्यात तुम्ही लिहा, असा निरोप समितीकडून आला. सोबत एक सूचनाही आली, मोजकं लिहा. समितीतले लोक मला चांगलं ओळखतात, म्हणूनच ती आली असणार. मी फटकळ आहे आणि बोलायला लागले की मला आवर नसतो, हे राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण सरांबद्दल मोजकं लिहायचं म्हणजे नेमकं काय गाळायचं, ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा जमेल तसं लिहिते. लांबलं तर समितीने सांभाळून घ्यावं.

सरांची आणि माझी ओळख एका आवाजापासून सुरू झाली. शाहूवाडीकडच्या आमच्या गावातून मी शिकायला म्हणून राजारामपुरीत मामांकडे आले होते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा नुकताच हातात पडला होता. मामांच्या घराला लागूनच सरांचं घर. सरांनी टेलिफोन खात्यातली नोकरी मुदतीआधी सोडून पुढच्या खोलीत इंटरनेटचं केंद्र काढलं होतं. आजच्या मुलांना सांगायला हवं की तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. कॉम्प्युटरला मोडेम नावाचा एक डबा जोडलेला असायचा. तो डबा माणसासारखा नंबर फिरवायचा, पलीकडच्या डब्याला हाक मारायचा, मग दोघे मोठ्यानं खरखर, किरकिर करत एकमेकांची खात्री करून घ्यायचे. सूर जुळला की दोघेही गप्प. ती शांतता पसरली म्हणजे नेट लागलं असं समजायचं.

नोकरी मागायला गेले तेव्हा सरांनी माझी गुणपत्रिका न बघताच बाजूला ठेवली. मोडेमचा आवाज मोठा केला आणि म्हणाले, डोळे मिटून ऐक. दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि टेबलावरच्या हिरव्या रेक्झिनचा तापलेला वास येत होता. काय ऐकू आलं, असं सरांनी विचारलं. मी आपलं खरं ते सांगितलं, की आमच्या घराच्या पत्र्यावर कुणीतरी भात पाखडतंय असं वाटलं. सर इतके हसले की आतून सरांच्या पत्नी, शमाभाभी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. मग सरांनी त्यांना ते पुन्हा सांगितलं आणि पुन्हा हसले. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

सरांनी मला का घेतलं ते मी कधी विचारलं नाही. मी का गेले होते, ते मात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या खोलीत मोडेमच्या शेजारी काळ्या रंगाचा एक जुना टेलिफोन होता. तारही तीच आणि नंबरही तोच. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, म्हणून अख्ख्या गल्लीनं आपापल्या पाहुण्यांना सरांचाच नंबर देऊन ठेवला होता. फोन आला की भाभी दारात उभ्या राहून हाक मारायच्या, आणि ज्याचा असेल तो ओला हात झटकत पळत यायचा. मामांनीही गावी तोच नंबर दिला होता. माझा धाकटा भाऊ तानाजी पन्हाळ्यावर पर्यटकांची जीप चालवायला जायचा. तिथल्या बूथवरून तो मला याच नंबरावर फोन करायचा, आणि आज किती माणसं तीन दरवाजा बघून दमली त्याची खबर द्यायचा. जगात त्याला पाठ असलेला तो एकच नंबर होता.

मी नोकरी मागायला जायच्या थोडं आधी, त्या पावसाळ्यात, भाताची रोपलावण ऐन भरात असताना तानाजी जीप घेऊन पन्हाळ्याला गेला. संध्याकाळी तो परतला तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लावणीच्या सगळ्या बायकांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. आबांचा हात हलका नव्हता आणि तानाजीचा अभिमानही हलका नव्हता. ह्या घराचा उंबरा पुन्हा चढणार न्हाय, असं म्हणून तो चिखलाच्या पायांनी निघून गेला. त्यानंतर त्याचा काही पत्ता नाही. आई गावात वेड्यासारखी झाली होती. तो फोन करेल तर सरांच्या नंबरावरच करेल, एवढं एकच आम्हाला माहीत होतं. म्हणून मला त्या काळ्या फोनच्या शेजारची खुर्ची हवी होती. पगार दिला नसता तरी मी बसले असते.

सरांच्या कामाबद्दल लिहायला हवं, नाहीतर समिती म्हणेल ह्या बाईनं आपलंच पुराण लावलं. सर मोडेमला कधी घाईनं हात लावायचे नाहीत. शाहूवाडी, पन्हाळ्याकडच्या शाळांना आणि कचेऱ्यांना नवे कॉम्प्युटर आले तेव्हा नेटची जोडणी करायला लोक सरांनाच बोलवायचे. डोंगरातलं टेलिफोन एक्स्चेंज सुस्त, नंबर फिरवायच्या आधी मोडेमला क्षणभर थांबायला सांगावं लागे. नाहीतर डायल टोनचा सूर यायच्या आतच तो बडबडायला लागायचा आणि कॉल फुकट जायचा. सर प्रत्येक ठिकाणी आधी फोन कानाला लावून सूर यायला किती वेळ लागतो ते ऐकायचे, आणि मोडेमला तेवढंच थांबायला लावायचे. मला शिकवताना म्हणायचे, आधी दम खा, मग नंबर फिरव. मला हे आजही जमत नाही. मोडेमला मात्र जमायचं.

पन्हाळ्याहून एक आजी यायच्या, त्यांची आठवण झाल्याशिवाय माझा एक पावसाळा जात नाही. त्यांची लेक परदेशात बाळंत झाली होती आणि जावई ईमेलनं बाळाचा फोटो पाठवायचा. तेव्हा फोटो वरून खाली, एकेका ओळीनं उलगडत यायचा. आधी पाळण्याची झालर, मग जावळ, मग कपाळ. पुढची ओळ यायला इतका वेळ लागायचा की आजी तेवढ्यात बाळाच्या कपाळाशी चार गोष्टी बोलून घ्यायच्या. मागे माणसं खोळंबलेली असायची. सर त्यांना भडंग द्यायचे, चहा द्यायचे, पण आजींना उठा म्हणायचे नाहीत. आम्ही सगळे अनोळखी बाळाच्या भुवया येण्याची वाट बघत बसायचो. आता फोटो टिचकीसरशी येतात आणि मी ते धड बघतसुद्धा नाही.

आता जिच्यावर हा लेख उभा आहे, त्या गोष्टीकडे येते. फोनला कॉल वेटिंग नावाची सोय असते, ती सगळ्यांना माहीत आहे. एकाशी बोलत असताना दुसऱ्याचा फोन आला की कानात टुक टुक वाजतं. माणसाला ते वाजलेलं चालतं, पण मोडेमला मुळीच चालायचं नाही. त्या टुक टुकनं त्याचा सूर बिघडायचा आणि नेट तुटायचं. म्हणून जो तो नेट लावण्याआधी ठरलेला कोड फिरवून कॉल वेटिंग बंद करायचा. मग बाहेरच्याला नुसता एंगेज टोन ऐकू यायचा. सुरुवातीला सरही तेच करायचे. बारावीच्या निकालाच्या दिवशी आमच्याकडे मुलांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. सरांनी सकाळीच कॉल वेटिंग बंद केलं आणि लाईन दिवसभर अडकून राहिली. मुलं आईबापांसह पेढे वाटत गेली, काही रडत गेली. त्यांना भाभींनी सरबत दिलं.

पुढे काही दिवसांनी आमच्या गावचा एक ट्रकवाला केंद्रात आला. हुबळीच्या रस्त्यावर एका ढाब्यावर त्याला तानाजी भेटला होता. बरा होता, वाळला होता. ट्रकवाल्यानं त्याला विचारलं, आईला एक फोन करायला काय होतं रे तुला? त्यावर तानाजी म्हणाला होता, "लावलता की. निकालाच्या दिवशी दिसभर लावला. बिझीच लागतोय. त्यास्नी माझ्यासंगं बोलायचंच न्हाय."

मी रडले, मामा चिडले. सरांनी ट्रकवाल्याला पाणी दिलं, त्याला दारापर्यंत सोडलं, परत येऊन कॉम्प्युटरसमोर बसले आणि जोडणीच्या सेटिंगमधून कॉल वेटिंग बंद करण्याचा तो कोड काढून टाकला. मी म्हटलं, सर, आता कुणाचाही फोन आला की नेट तुटेल, गिऱ्हाईक शिव्या घालेल. सर म्हणाले, "घालू दे. तुटलेलं नेट मला परत जोडता येतंय."

तेव्हापासून सगळ्या कोल्हापुरात फोन आला की नेट तुटणारं केंद्र म्हणून आमचं नाव झालं. चेष्टा पुष्कळ झाली. तासभर चाललेलं डाऊनलोड शेवटच्या घासाला असताना कुणाच्या तरी मावशीचा गडहिंग्लजहून फोन यायचा आणि सगळं पाण्यात. माणसं तणतणायची, दुसरीकडे जायची, आणि दुसरीकडे कोणी भडंग देत नाही म्हणून परत यायची. नेट तुटलं की मोडेमवरचा दिवा विझायचा, खोली एकदम गप्प व्हायची, आणि मग तो काळा फोन वाजायचा. त्या मधल्या क्षणाचं काय सांगू? दिवा विझलेला आणि घंटी अजून वाजलेली नाही, एवढाच तो वेळ. सगळी खोली माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, आता या क्षणात तानाजी कुठेतरी रिसीव्हर कानाला धरून उभा आहे. मग घंटी वाजायची आणि कुणाच्या तरी मावशीचा आवाज यायचा. तरी तो क्षण मला दिवसातून कितीदा मिळायचा. त्यावरच मी जगले म्हटलं तरी चालेल. एकदा आजींच्या नातवाचा फोटो नाकापर्यंत आला आणि नेट तुटलं. मी त्यांची माफी मागायला लागले तर त्याच मला म्हणाल्या, ज्येचा फोन आलाय त्येचंबी कोणतरी आसंल की. आणि बाळाचं नाक पुढच्या खेपेला बघेन म्हणून पिशवी उचलून गेल्या.

सुगीचे दिवस होते. दिवा विझला, फोन वाजला, सरांनी उचलला. पलीकडे कोणी बोलेना. सरांनी एकदाच हॅलो म्हटलं आणि मग तेही थांबले. मी खुर्चीतून उठले होते, त्यांनी हातानंच मला बस म्हणून खुणावलं. बऱ्याच वेळानं अगदी हळू म्हणाले, "तानाजी असशील तर बोलायची घाई न्हाय. लाईन तुझीच हाय."

पलीकडून हुंदका आला. तो मला लांबून ऐकू आला. रिसीव्हर माझ्या हातात आला तेव्हा मी रडेन असं सगळ्यांना वाटलं होतं, पण मी त्याला अशा काही शिव्या घातल्या की खोलीतली माणसं उठून बाहेर गेली. शिव्या संपल्यावर तो म्हणाला, ताई, आता बरं वाटलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी फोन करीन, आईला आणून बसव, असं त्यानं कबूल केलं. कुठे आहे ते सांगितलं नाही.

मग आई दर महिन्याला शाहूवाडीच्या एसटीनं यायची. नवी साडी नेसून फोनसमोर बसायची. त्या दुपारी सर केंद्र बंद ठेवायचे. आई एकच विचारायची, काय जेवलास? तो सांगायचा. आमटी कशी झालीती, भात मोकळा होता का, एवढंच दोघांचं चालायचं, आणि तेवढ्यानं ती महिनाभर सुखात राहायची. एकदा मामांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि दरडावून विचारलं, कुठं हायस बोल. फोन कट झाला. पुढचे कितीतरी पहिले रविवार तसेच कोरडे गेले. आई येऊन बसायची आणि साडी चुरगळू न देता परत जायची.

तेव्हा मी सरांशी भांडले. फोनवर नंबर दिसायची सोय नुकतीच आली होती. ती घ्या, तो पुन्हा फोन करील तेव्हा नंबर दिसेल, आम्ही जाऊन त्याचा कान धरून आणू, असं मी म्हटलं. सरांनी साफ नकार दिला. मी त्यांना नाही नाही ते बोलले, तुमचा भाऊ असता तर कळलं असतं, इथपर्यंत गेले. सर शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "सुनंदा, तो ह्या फोनवर का येतोय? इथं त्याला कोण बघत न्हाय म्हणून येतोय. ज्याला दिसायचं न्हाय, त्याला आपण चोरून बघायचं न्हाय." मी पाय आपटत घरी गेले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर टेबलावर माझ्या वाट्याचा चहा झाकून ठेवलेला होता. पुढे काही महिन्यांनी तानाजीचा फोन पुन्हा सुरू झाला. त्यानंतर मामांना त्या खोलीत यायला भाभींनीच बंदी घातली.

आबा अचानक गेले. तानाजीला कळवायला आमच्याकडे काही नव्हतं. पहिल्या रविवारी फोन आला तेव्हा ते सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. आईच्यात ताकद नव्हती आणि माझी जीभ, जी कधी थांबत नाही, ती टाळ्याला चिकटली होती. सरांनी फोन घेतला आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. मग ते रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे राहिले. पलीकडूनही कोणी ठेवला नाही. ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं, खिडकीबाहेरची रिक्षा गेली, दुसरी आली, आणि सर उभेच. कोणाला सोबत करायची म्हणजे काय करायचं, ते मी त्या दिवशी बघितलं. शेवटी तानाजी एवढंच म्हणाला, आता कुठल्या तोंडानं येऊ. आणि तो आला नाहीच.

वर्षं गेली. मोडेम गेले, घरोघरी नेट आलं, मग ते खिशात आलं. सरांनी केंद्र बंद केलं. मी शेजारच्या रस्त्यावर दाखले आणि ऑनलाइन अर्जांचं माझं दुकान थाटलं. पहिल्या दिवशी सरांनी तिथे येऊन खुर्ची उन्हात येणार नाही अशी सरकवून दिली. आई माझ्याकडे राहायला आली. मोबाईल आले तरी तानाजीनं आपला नंबर दिला नाही, की आमचे घेतले नाहीत. तो सरांच्याच नंबरावर यायचा. म्हणून गल्लीतले सगळे लँडलाईन परत करून मोकळे झाले तरी सरांनी आपला ठेवला. कोण त्यांना हसायचं, कोण म्हणायचं आता त्यावर विम्याच्या पोरींशिवाय कोण बोलतंय. सर रोज संध्याकाळी रिसीव्हर उचलून टोन येतो का ते ऐकायचे, अजूनही ऐकतात. भाभी म्हणतात, नमाज आणि हा टोन, दोन्ही चुकत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीचा रस्ता खोदला आणि केबल तुटली. फोन मेला. सर गुडघ्याला पट्टा बांधून, काठी घेऊन रोज टेलिफोनच्या कचेरीत जायला लागले. तिथल्या पोरांनी सांगितलं, आजोबा, ती जुनी तांब्याची तार आता कोण जोडत नाही, नवीन फायबर घ्या, नाहीतर मोबाईलवर भागवा. नवीन घेतो पण नंबर तोच पाहिजे, असं सरांचं म्हणणं. नंबर तोच मिळेल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. एक पहिला रविवार गेला. दुसरा गेला. आई साडी नेसून सरांच्या खोलीत त्या मुक्या फोनसमोर बसली आणि दिवेलागणीला उठली. तिचं जेवण तुटलं. मला धीर देणारे सर त्या दिवसांत स्वतःच खचलेले दिसायचे. एकदा मला म्हणाले, निकालाच्या दिवशी एकदा एंगेज ऐकवलं, आता हे. तो समजेल, आपण लाईन सोडून दिली. मी पहिल्यांदा त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग एका दुपारी मी दुकानात असताना भाभींचा मोबाईलवर फोन आला. आईला घेऊन लगेच ये, एवढंच त्या बोलल्या. सरांना काहीतरी झालं, असंच मला वाटलं. आईला धरून धरून नेलं. सरांच्या दाराशी पायरीवर एक माणूस बसला होता. केस पांढरे झालेले, चपला काढून कडेला नीट ठेवलेल्या. सर दारात काठीवर रेलून उभे होते आणि त्यांचा चष्मा हातात होता. तो माणूस आम्हाला बघून उठला. मी त्याला ओळखलं नाही, आधी त्याचा आवाज ओळखला.

"ताई, फोनच लागंना," तो म्हणाला. "दोन महिने झालं. मला वाटलं सर गेलं. म्हटलं, आता तरी जायाच पायजे."

सरांनी चष्मा पुसायचा प्रयत्न केला, तो काही त्यांना जमेना. मग आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, "हे म्हाईत असतं तर ती वायर मीच कवाच कापली असती की रे."

भाभी हसल्या आणि त्यांचं हसू मधेच रडण्यात गेलं. मीही तेच केलं. आईनं त्याला जेवलास का असं विचारलं नाही. इतकी वर्षं दर महिन्याला विचारत आली, पण त्या दुपारी तिला ते सुचलंच नाही. ती त्याच्या तोंडावरून, कानांवरून, पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग मागे वळून तिनं सरांनाच विचारलं, "सर, ह्यो खराच हाय न्हवं?"

खरा आहे, असं सरांनी तिला सांगितलं. सरांचा शब्द आईला नेहमीच पुरतो.

तानाजीचं निपाणीच्या पुढे लहानसं गॅरेज आहे. आता पहिल्या रविवारी तो स्वतःच येतो आणि सरांच्या बाहेरच्या खोलीत आईच्या पुढ्यात बसून जेवतो. शाहूवाडीच्या घराचा उंबरा अजून त्यानं ओलांडलेला नाही. सर म्हणतात, तिथंही थोडं थांबू. मी थांबते आहे. बघा, मलाही जमायला लागलं.

शेवटी एक प्रसंग सांगते आणि आटोपते. या वर्षी फायबरची जोडणी आली आणि हुज्जत घालून घालून सरांनी तोच जुना नंबर मिळवला. जोडायला आलेल्या तंत्रज्ञानं सरांना पडद्याचा नवा फोन देऊ केला, यात कोण बोलतंय त्याचा नंबर दिसतो म्हणाला. मी तिथेच होते. मला वाटलं, आता तानाजी आलाच आहे, आता घ्यायला काय हरकत. सरांनी तो फोन खोक्यात परत घातला. जुना काळा फोन फडक्यानं पुसून पुढे केला आणि म्हणाले, हाच लाव, आणि तेवढं कॉल वेटिंग चालू ठेव. तंत्रज्ञ म्हणाला, आजोबा, आता कुणाची वाट बघताय? सर म्हणाले, "आमचा एक आला. दुसऱ्या कुणाचा तरी अजून यायचा आसंल. त्याला हाच नंबर पाठ आसंल तर?"

सर, या पंचाहत्तरीला मी तुमच्यासाठी शतायुष्य मागते, पण खरं सांगू, त्यात माझा स्वार्थ आहे. तुमचे गुडघे धड राहोत, कान असेच तिखट राहोत, भाभींचा चहा तुम्हाला आणि आम्हाला मिळत राहो. संध्याकाळी तुम्ही रिसीव्हर उचलावा, आणि तो सूर पुष्कळ पुष्कळ वर्षं तुमच्या कानात वाजत राहावा. कुठल्या तरी गावात कुणीतरी तुमचा नंबर आठवत उभं असेल. त्याचा धीर होईपर्यंत, सर, तुम्हाला फोनजवळ असायला हवं.